बागेसह भाड्याने देणे आहे

पळस्पे अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलंय आणि तरी कुणीच पाहिलेलं नाही. पनवेल सोडून जुन्या रस्त्याने पुण्याला निघालेला माणूस इथून सरळ जातो, गोव्याला निघालेला उजवीकडे वळतो, आणि फाट्यावर दोघांच्याही डोक्यात एकच विचार असतो: वडापाव इथे खावा की पुढे? गणपतीच्या तोंडावर चाकरमानी इथे इतका वेळ अडकतो, की त्याचं नाव इथल्या मतदार यादीत घालायला हरकत नसावी. पेपर वाचणाऱ्यांना हे गाव 'पळस्पे ते इंदापूर' या जोडनावाने ठाऊक असतं. ८४ किलोमीटरचा हा टप्पा रुंद करायचं काम २०११ मध्ये निघालं. तेव्हा जी मुलं मामाच्या गाडीत मागे बसून ओकत कोकणात जायची, ती आता गाडी स्वतः चालवतात आणि पिशवी मागच्या सीटवरच्या पुढच्या पिढीला देतात.

थोडक्यात, पळस्प्याला मुद्दाम कुणी येत नसे. मग विमानतळाची हवा आली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबरला उडाली, पण पनवेल पंचक्रोशीतले जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी वर्षं आधीच उडाले होते. ज्या गोठ्याला पूर्वी कुणी गोठासुद्धा म्हणत नसे, तो 'एअरपोर्ट टच' झाला. त्या हिशेबाने आमचं घरही झालं.

घर फाट्यापासून आत. कौलारू, पडवी, ओटी, माजघर, मागे विहीर. घर बेताचं आणि बाग अफाट. आजोबांनी घर गरजेपुरतं बांधलं आणि उरलेली सगळी हौस जमिनीत पुरली. हापूस, रायवळ, फणस, रातांबा, नारळ, सुपारी, जांभूळ, जाम, शेवगा, कढीपत्ता, सोनचाफा, अनंत आणि कुंपणाच्या कडेने जास्वंदी. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर चढलेल्या वारसांची यादी या झाडांच्या यादीहून फार लहान नाही. फरक इतकाच की झाडं जागच्या जागी आहेत, आणि वारस डोंबिवली, कोथरूड, बडोदा आणि न्यू जर्सी इथे.

थोरले काका होते तोवर प्रश्न नव्हता. ते तिथेच राहायचे, बाग करायचे, आणि आम्ही मे महिन्यात जाऊन ती खायचो. कामाची ही वाटणी सगळ्यांना पटलेली होती. मग काकांचे गुडघे गेले, मुलाने त्यांना डोंबिवलीला नेलं आणि घराला कुलूप लागलं. कोकणात बंद घराकडे दोघं टपलेले असतात, वाळवी आणि भाऊबंद. वाळवी निदान आतून पोखरते, बाहेरून नमस्कार करत येत नाही. तेव्हा घर उघडं राहायला हवं, भाड्याने द्यावं, असं व्हिडिओ कॉलवर सर्वानुमते ठरलं.

एकमत तिथेच संपलं. आत्या म्हणाली, द्या, पण विहिरीजवळचा फणस माझा, तो बाबांनी मला सांगितलाय. काकूला वर्षाच्या आमसुलांपुरते रातांबे हवे होते. वहिनीला केसांच्या तेलासाठी जास्वंदीची फुलं. कोथरूडकरांनी सुचवलं की मे महिन्यात मुलांना तिथे न्यायची प्रथा मोडू नये, भाडेकरूने तेवढा महिना समजून घ्यावं. न्यू जर्सीच्या चुलतभावाची एकच अट होती, काहीही बदलायचं नाही. त्याला सगळं तो सोडून गेला तसंच हवं होतं, आणि तो गेला तेव्हा संडास परसात होता. सगळ्या अटी एकत्र लिहून काढल्यावर भाडेकरूला घर बारा महिने मिळत होतं आणि बाग फक्त पावसाळ्यात, तीही गवत काढायला.

मग एजंट आला. आल्या आल्या त्याने खिशातून लाल दिव्याचं यंत्र काढलं आणि भिंतीवर धरून खोल्या मोजल्या. माजघराचा हॉल झाला, पडवीची बाल्कनी, देवघराचं 'स्टोअर'. मागच्या दाराने बागेत पाऊल टाकल्यावर मात्र यंत्राचा दिवा पानांत कुठेतरी हरवला. समोर भिंतच नव्हती. त्याने यंत्र खिशात घातलं आणि वहीत लिहिलं, 'टू बीएचके, सेमी फर्निश्ड, विथ ओपन स्पेस'. आजोबांचं आयुष्य 'ओपन स्पेस' या दोन शब्दांत आटोपलं.

"साहेब, रेसिडेन्शियलमध्ये काय ठेवलंय?" तो म्हणाला. "झाडं काढा, कंटेनर लागतील." यात त्याचं चुकत नव्हतं. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून या पट्ट्यात भाताच्या खाचरांत कंटेनर उगवतायत आणि त्यांना पावसाची वाट बघावी लागत नाही. कंटेनर नको तर लॉन करा, तो म्हणाला, हळदीलाच एवढं माणूस येतं की लग्नाची गरज नाही. लॉन नको तर फार्महाउस करा, एक स्विमिंग पूल खणा, शनिवार-रविवार फुल. ऐनवेळी सांगता येईल म्हणून त्याने एक वाक्य तयारच ठेवलं होतं, "सलमान खानच्या फार्महाउसजवळ." पनवेल तालुक्यातली प्रत्येक जागा एजंटाच्या तोंडी सलमान खानच्या फार्महाउसजवळच असते. आपल्याला शेजारी किती आहेत याची त्या माणसाला कल्पना नसावी.

थोरल्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला १९६४ सालचा वृक्षतोडीचा कायदा ऐकवला. त्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, जांभूळ आहे, चिंच आहे. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. "आणि परवानगी मागायला सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील," काका म्हणाले. एजंटाने आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे एकवार पाहिलं आणि विषय सोडून दिला. पर्यावरणाचं रक्षण कायद्याने होतं, पण भाऊबंदकीने जास्त खात्रीने होतं.

जागा बघायला माणसं येऊ लागली. सगळ्यांना निसर्ग हवा होता आणि सगळ्यांनी तो मोबाईलमध्ये पाहिलेला होता. खारघरहून आलेल्या एका जोडप्याला बाग इतकी आवडली की त्यांनी झाडागणिक फोटो काढले, मग बाईंनी हळूच विचारलं, "याची पानं खाली पडतात का हो?" पडतात म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका गृहस्थांनी साप आहेत का असं विचारलं. आत्या भाबडेपणाने म्हणाली, "हो, पण धामण आहे, उंदीर खाते, घरातलीच आहे." ते गृहस्थ चप्पल न घालता गाडीत बसले. एकांना वास्तूप्रमाणे विहीर चुकीच्या कोपऱ्यात वाटली आणि ती सरकवता येईल का, अशी त्यांची विचारणा होती. एका तरुणाला सगळं पसंत पडलं, भाडंही त्याने घासाघीस न करता मान्य केलं, आणि जाता जाता विचारलं की रात्री दहानंतर साउंड लावला तर आजूबाजूला कुणाला त्रास नाही ना. एजंट या सगळ्यांना 'पार्टी' म्हणत असे. खरी पार्टी हा शेवटचा एकटाच होता.

अखेर जे आले ते घाटकोपरचे एक निवृत्त बँक अधिकारी. मुलाला विमानतळावर नोकरी लागलेली, त्याला जवळ पडावं म्हणून पतिपत्नी इकडे बघत होते. ते एक अक्षर न बोलता बागेत फिरले. एका नारळापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं, खोडावर टिचकी मारली आणि म्हणाले, "याला आळं नाहीये." काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

आता करार. मराठी घरमालकाच्या मनात भाडेकरूची जी धास्ती आहे ती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने घातलेली आहे. त्या कायद्याच्या छायेखाली गिरगावात तीन-तीन पिढ्या एकाच भाड्यात नांदल्या आणि मालक मात्र छपराच्या दुरुस्तीत खंगला. आत्याचं सासर गिरगावचं, आणि तेही मालकाच्या बाजूचं. तिने पहिल्यापासून एकच धोशा लावला होता, 'लीव्ह अँड लायसन्स'च करा, अकरा महिन्यांचंच करा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही अशी आपल्याकडे फार जुनी श्रद्धा आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ला ती मान्य नाही. करार अकरा महिन्यांचा असो की कितीही, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकल्यावर, नोंदणी करताना मालक म्हणून कुणाचं नाव घालायचं यावरची चुरस एकदम संपली आणि सगळ्यांनी मोठ्या मनाने थोरल्या काकांना आणि मला कुलमुखत्यारपत्र दिलं.

त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. हे कळल्यावर आत्या पहिल्यांदा हसली. "मग मुदतीनंतर राहू द्या की त्यांना चार दिवस," ती म्हणाली. नोंदणीची फी शहरी भागात हजार रुपये आणि ग्रामीण भागात पाचशे. जाहिरातीत 'एअरपोर्ट सिटी' लिहिणाऱ्या एजंटाने अर्जात न चुकता 'ग्रामपंचायत हद्द' असं भरलं. पाचशे रुपयांत शहराचं पुन्हा गाव झालं.

खरी अडचण आंब्याची होती. १८८२ साली इंग्रजांनी दोन कायदे केले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात भाडेपट्टा आहे. त्याचं कलम १०८ म्हणतं की भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने जागा आणि तिच्यातलं उत्पन्न, शहाणा माणूस स्वतःचं वापरील तसं वापरावं, मात्र झाडं तोडू नयेत. सुविधाधिकाराच्या कायद्यात लायसन्स आहे. तिथे जागेत काडीचाही हितसंबंध नाही, फक्त वापरायची मुभा. आम्ही लायसन्सवाले. काकांनी हे समजावून सांगितल्यावर आत्याने जो प्रश्न विचारला तो इंग्रजांना सुचला नव्हता. "मुभेत आंबा येतो का?"

वकील म्हणाले, करारात लिहून टाका. मग करार राहिला बाजूला आणि परिशिष्ट वाढत गेलं. झाडावरचा आंबा मालकाचा, खाली पडलेला भाडेकरूचा. यावर बडोद्याहून शंका आली, मुद्दाम हलवून पाडलेला कोणाचा? तेव्हा 'आपोआप' हा शब्द घातला. नारळ डोक्यात पडल्यास उपचाराचा खर्च भाडेकरूचा आणि नारळ मालकाचा, हे कलम मात्र मी खोडायला लावलं. घराच्या वर्णनात चौरस फूट होते, पंखे होते, ट्यूबलाइट होत्या, नळाच्या तोट्यासुद्धा मोजलेल्या होत्या. बागेसाठी छापील रकानाच नव्हता.

नोंदणीला आता कुठे जावं लागत नाही. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन एक मुलगा घरी येतो. माझा अंगठा पहिल्या फटक्यात उठला. थोरल्या काकांचा उठेना. मुलाने अंगठा पुसायला लावला, मग घासायला लावला, मग व्हॅसलीन, मग लिंबू. मशीन लाल ते लालच. "काकांच्या रेषा झिजल्यात," मुलगा म्हणाला. झिजणारच. त्या अंगठ्याने उभा जन्म कोयता धरला होता, नारळ सोलले होते, विहिरीचा दोर ओढला होता. ज्या माणसाने बाग केली त्याला मशीन ओळखेना, आणि ज्याने आयुष्यात फक्त आंबा चोखला त्याचा अंगठा हिरवा दिवा लावून स्वीकारला गेला. पुष्कळ मिनतवाऱ्यांनी काकांचा एकदाचा उठला आणि बँकेतले साहेब राहायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन. "तुमच्या बागेत एक आजी शिरल्यात आणि फुलं तोडतायत. मी कोण म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तू कोण?"

शेजारच्या आजी. त्यांच्या देवाला आमच्या जास्वंदी लागतात, हे आमच्या आजीच्या काळापासून चालत आलेलं. मग पुढे एकेक उलगडत गेलं. श्रावणात मंगळागौरीच्या पत्रीला वाडीतल्या बायका. गणपतीत केळीची पानं. दसऱ्याला आणि पाडव्याला तोरणासाठी आंब्याचे डहाळे. कुणाच्या घरी पूजा निघाली की विड्याला सुपारी. बाळंतिणीसाठी शेवग्याचा पाला. रात्री वटवाघळं, दुपारी कर्नाळ्याच्या बाजूने येणारी माकडं, आणि शाळा सुटल्यावर जामाखाली दप्तरं टाकून चढणारी पोरं. यातल्या कुणीही कधी विचारलं नव्हतं, कारण कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं. घर रिकामं होतं, बाग रिकामी कधीच नव्हती. तिच्यात भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्याकडून आम्ही अनामत तेवढी घेतलेली नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मालमत्तेवर बोजा होता, आणि तो सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात चढवता येत नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याने फाटकाला कुलूप घातलं असतं. साहेबांनी रजिस्टर घातलं. प्रत्येक झाडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक आला. फुलं नेणाऱ्यांचे वार ठरले, सोमवार-गुरुवार आजी, मंगळवार-शुक्रवार पलीकडच्या काकू, आणि चतुर्थीला सर्वांना खुलं. पोरांना जाम खायची परवानगी मिळाली, बदल्यात पाचोळा खड्ड्यात टाकायचा. नारळ पाडायला माणूस आला की साहेब खाली खुर्ची टाकून बसत आणि वरून पडणारा एकेक नग लिहून घेत. कॅश मोजणाऱ्याच्या नजरेतून नारळ निसटत नाही. माकडांशी मात्र त्यांचा हिशेब कधीच जुळला नाही. दर महिन्याच्या पत्रकात शेवटची ओळ असे, 'बुडीत: माकडे'.

बाग सुधारत चालली आणि आमचा चेहरा पडत चालला. गावात गेलं की जो तो म्हणे, "तुमचा भाडेकरू म्हणजे देवमाणूस." मालकाला सहन न होणारं याहून वाईट वाक्य नाही. भाडेकरू भाडं थकवतो, खिळे ठोकतो, यावर चारचौघांत बोलता येतं. आमच्या भाडेकरूने खिळा ठोकायच्या आधीही विचारलं होतं. अशा माणसाविरुद्ध तक्रार तरी कुठे करायची?

चैत्र लागला आणि आम्हा सर्वांना घराच्या डागडुजीची काळजी वाटू लागली. मालकाने जागेची पाहणी करावी अशी तरतूद करारात असतेच, आणि आमच्या घराण्यात ती आंबा तयार झाल्यावरच आठवते. आत्या रिकाम्या पिशव्या घेऊन पाहणीला गेली. साहेबांच्या पत्नीने पडवीत स्वागत केलं, "या, बसा ना. पाणी आणू?" आत्या स्वतःच्या वडिलांच्या झोपाळ्यावर पाहुणी म्हणून बसली आणि दुसऱ्याच्या पेल्यातून स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायली. मग साहेबांनी तिचा फणस आणून दिला आणि रजिस्टर पुढे केलं. 'फणस क्र. २, नग १, पोहोचला.' समोर सहीला जागा. साठ वर्षं तो फणस खाणाऱ्या बाईने त्याची पोच पहिल्यांदा दिली. सही करताना तिचा हात थरथरला, पण फणस तिने सोडला नाही.

करार संपत आला. प्रथेप्रमाणे आम्ही दहा टक्के वाढ मागितली. उत्तरादाखल साहेबांनी एक तक्ता पाठवला. डावीकडे खर्च: शेणखत, मोहोरावरची फवारणी, पंपाची दुरुस्ती, नारळ पाडणाऱ्याची मजुरी. उजवीकडे मालक कुटुंबाने वर्षात नेलेला माल, पनवेलच्या बाजारभावाने. खाली दोन ओळी: 'वाढ मान्य आहे. मात्र मग खर्च मालकाने करावा, आणि फळे कुटुंबात वाटण्याचे कामही मालकानेच पाहावे.'

पहिल्या अटीवर कुणी विशेष बोललं नाही. दुसरी वाचली आणि कॉलवर शांतता पसरली. आत्याला कमी आणि काकूला जास्त गेलं तर आजवर शिव्या साहेबांच्या रजिस्टरला बसत होत्या. उद्या त्या आम्हाला खायच्या होत्या. कुटुंबातला सलोखा एका तिऱ्हाईताच्या वहीवर उभा होता, हे ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. वाढ मागे घेण्यात आली. कोथरूडकरांनी तर भाडं थोडं कमी करून त्यांना तीन वर्षं बांधून घ्यावं असंही सुचवलं.

पुन्हा तोच मुलगा मशीन घेऊन आला. या वेळी काकांचा अंगठा लगेच उठला. वर्षभर कोयत्याऐवजी टीव्हीचा रिमोट धरला की रेषा परत येतात. मशीन अडलं ते साहेबांपाशी. पुसून झालं, लिंबू झालं, लाल ते लालच. "मागच्या वेळी तर तुमचा एका फटक्यात आला होता," मुलगा म्हणाला. साहेबांनी अंगठा पुढे केला. नखात माती, आंब्याच्या चिकाने साल गेलेली, आडवा कोयत्याचा चरा.

काकांनी चष्मा लावून तो अंगठा निरखला आणि मुलाला म्हणाले, "अरे, रकाना चुकला असेल तुझा. यांना मालकात टाकून बघ."

काका गंमत करत होते. पण नेमका त्याच क्षणी इतका वेळ म्यूटवर असलेला न्यू जर्सीचा आवाज फुटला, "कोणाला? कोणाला मालकात टाकलं?" तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. जागेवर नसला तरी वारस जागा असतो.